माद्यांची टाकी दहा पावलांवर होती

अन्याय झाला तो माणिक शेळके यांच्यावर. वय सदुसष्ट, मूळ गाव औशाजवळचं, राहणार तळवडे. झाला यंदाच्या मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेसातला, निगडीच्या बस टर्मिनसवर. तिथे आमच्या चळवळीच्या गटाने त्यांचा फोटो छापलेलं पत्रक वाटलं. मजकूर माझा होता, गठ्ठाही माझ्याच हातात होता. दहापर्यंत तो संपला आणि आम्ही समोरच्या गाडीवर पोहे खाल्ले.

पत्रकात आधी आरोप लिहायचा आणि मग माणूस, असं मला शिकवलंय. आरोप झाला. आता माणूस.

तळवड्यात त्यांना सगळे मामा म्हणत. काचेच्या आयटी इमारती संपून पत्र्याच्या शेड सुरू होतात, तिथे एका वर्कशॉपच्या पाठीमागे मामा चिलापी माशाची पिल्लं तयार करायचे आणि खेड-मावळातल्या शेततळ्यांना विकायचे. सात ताडपत्रीच्या टाक्या, चार निळे ड्रम, हवा सोडणारा एक ब्लोअर, आणि प्रत्येक टाकीत सुतळीला लटकवलेला थर्मामीटर. एक थर्मामीटर त्यांच्या शर्टाच्या खिशातही असायचा, इतर माणसं पेन ठेवतात तिथे. आधी कोपर पाण्यात घालायचे, लेकराला न्हाऊ घालण्याआधी आया घालतात तसं. डोळे मिटायचे आणि आकडा बोलायचे. मग थर्मामीटर बघायचे. अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त चुकलेले मी पाहिले नाहीत. चुकलेच तर म्हणायचे, "थर्मामीटर बदलावा लागतंय."

ही कला ते माशांसाठी शिकले नव्हते. छत्तीस वर्षं ते भोसरीतल्या एका कारखान्यात भट्टीवर होते. गिअर, पिना असले सुटे भाग, त्यांच्या भाषेत जॉब, तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, हे काम. तापलेल्या लोखंडाचे रंग ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचे. आधी वाळल्या मिरचीचा, मग कुंकवाचा, मग शेंदराचा. "हळदीचा आला की जॉब जळाला मनून समज. सुपरवायझर पण जळतंय, पण ते वेगळं." पुढे कारखान्यात आपोआप चालणारी भट्टी आली आणि मामा घरी आले.

त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. भट्टीतून निघालेला जॉब कसा झालाय असं नवीन इंजिनिअर लगेच विचारायचे, त्यावरचं ते वाक्य होतं. "गरम हाय तवर हात लावू नको, आन मत बी देऊ नको." मला ते इतकं आवडलं की मी ते दोन सभांत वापरलं.

आमची ओळख नदीकाठी झाली. इंद्रायणीत मासे मरून वर आले होते. आम्ही फलक घेऊन पोचलो, तर एक म्हातारा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा. एकेक मासा उचलून त्याचे कल्ले उघडून बघत होता.

मी ओरडले, "काका, हात नका लावू! विषारी आहे पाणी."

"कोण मनलं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? दिसतंय की."

"मला न्हाई दिसलं आणखीन. बघायलो." मग एक मासा त्यांनी माझ्या तोंडासमोर धरला. तोंड वासलेलं, कल्ले फाकलेले. "हे विषाचं न्हाई, माय. दम कोंडून मेलंय हे. पाण्यातली हवा संपली. का संपली ते वरल्या अंगाला जाऊन विचार. पण विष मनू नको. तू विष मनलीस आन तपासणीत विष न्हाई निघालं, की ते सुटले आन तू खोटी."

त्या वेळी आम्ही ऐकलं. पत्रकात विष हा शब्द टाकला नाही. अधिकारी आले, त्यांनी पाणी तपासलं, आणि आमच्या एकाही ओळीवर त्यांना बोट ठेवता आलं नाही. गटात माझं वजन वाढलं ते त्या पत्रकामुळे. म्हणजे मामांमुळे. हे मी गटात कुणाला सांगितलं नाही.

मी चाकणला एका पॅकेजिंग कंपनीत आहे. गुरुवारी सुट्टी. आमच्या पट्ट्यात गुरुवारीच लाइटवाले दुरुस्तीची कामं काढतात, त्यामुळे मी शेडवर जायचे तेव्हा बऱ्याचदा ब्लोअर बंद असायचा आणि मामा कासावीस. एका गुरुवारी भर दुपारी लाइट गेली, आणि मी पोचले तर मामा जागामालकाच्या ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणत होते. तिच्यावर त्यांनी छोटा पंप जोडला, पिल्लांच्या ड्रममध्ये बुडबुडे आले, आणि तेवढ्यात मालक अण्णा आले. जुन्या गावातले, जमिनी विकून शेड बांधलेले.

"मामा, आमच्या ट्रॅक्टरचं काळीज काढलं व्हय तुमी?"

"जरा उसनं घेतलंय, अण्णा. लेकरं तडफडायलेत."

"आन आमी काय म्हशीवर बसून जायाचं का रानात?"

"रान कुठं राहिलंय तुमचं? इथं बसा, चहा घ्या."

अण्णांनी शिव्या देत देत चहा घेतला, दोन कप. तेव्हा अण्णा असे होते.

चिलापीची गोष्ट अशी. माद्या तळहाताएवढ्या झाल्या की टाकीतच विणीला लागतात. टाकी पिल्लांनी भरते, खाद्य वाटलं जातं आणि एकही मासा नीट वाढत नाही. म्हणून शेततळेवाल्यांना नुसते नर हवे असतात. ते मिळवायला पुष्कळ ठिकाणी पहिले तीन-चार आठवडे पिल्लांच्या खाद्यात नराचं हार्मोन कालवतात. मामा कालवत नसत. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी जागा नाही म्हणून पिल्लांचे ड्रम पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली ठेवले. पाणी छत्तीसला गेलं. बरीच पिल्लं मेली. जगलेली मोठी झाल्यावर बघतात तर जवळजवळ सगळे नर. थंडीतल्या पिल्लांत मात्र निम्म्या माद्या. भट्टीवाल्या माणसाला इशारा पुरला. पुढच्या थंडीत त्यांनी कॉइल लावून पाणी तापवलं. ते म्हणायचे, "लोखंडाला कसं, एका ठरावीक वेळेलाच ताव द्यावा लागतंय. पिल्लाचं पण तसंच. पहिलं वीस-पंचवीस दिवस. त्याच्यानंतर किती बी तापव, मादी ती मादीच."

ताव दिला तरी थोड्या माद्या राहायच्याच. त्या ते हातानं निवडायचे. मासा उताणा धरायचा, पोटाखाली बोटानं थोडी नीळ चोळायची, कपड्याला घालतो ती. मग छिद्रं दिसतात. दोन असली की नर, तीन असली की मादी. माद्या दुसऱ्या टाकीत.

त्यांची आणखी एक समजूत होती. त्या ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या आठवड्यात पाणी फार तापलं नव्हतं, तरी त्या खेपेला नर जास्त निघाले. मामा म्हणाले, "भ्याली ती. हवा गेली, दाटीवाटी झाली, भ्याली. भ्यालेलं पिल्लू नर होतंय."

मामी खाद्य चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे काय नवीन सांगायलात? भ्यालेला नर मी चाळीस वर्षं बघायलेय."

मामा इतके हसले की हातातला मासा टाकीत पडला.

एप्रिलमध्ये मी फोटो काढला. मामा नरांच्या टाकीशी उभे, दोन्ही हातांत मासा, हसतायत. "ह्या टाकीत एक मादी सापडली तर सांग," असं अभिमानानं म्हणाले. मी विचारलं, कसं काय? त्यांनी सगळं सांगितलं. पत्रा, छत्तीस डिग्री, कॉइल, नीळ. मग मला चालवत माद्यांच्या टाकीपाशी नेलं. दहा पावलं. मी त्या पाण्यात हात घातला. माद्या बोटांना येऊन टोचल्या.

त्याच महिन्यात गटात 'ताटातलं विष' ही मोहीम ठरली. निखिलदादा आमचे पुढारी. त्यांना अन्नातल्या हार्मोनवर पत्रक हवं होतं आणि त्यात स्थानिक चेहरा हवा होता. मी फोटो दाखवला. मीच दाखवला, कुणी मागितला नव्हता.

दादा म्हणाले, "सगळे नर? मग हार्मोनच की."

"ते म्हणतात उन्हानं होतात."

"ते म्हणणारच ना, भावा." दादा मुलींनाही भावा म्हणतात.

मी एवढं मात्र केलं की एका कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगते. बाई म्हणाल्या, होतं तसं. चिलापीची पिल्लं कोवळ्या वयात खूप उष्ण पाण्यात ठेवली तर नरांचं प्रमाण वाढतं. काही माशांत असंही दिसलंय की उष्णतेनं, दाटीनं पिल्लावर ताण येतो, त्याच्या स्वतःच्याच अंगात ताणाचं संप्रेरक वाढतं आणि त्यातून नर घडतो. चिलापीत त्याचा वाटा किती, ते अजून अभ्यासतायत. तुमचे ते गृहस्थ निरीक्षणात हुशार दिसतायत, म्हणाल्या. मला एकदा घेऊन चला त्यांच्याकडे.

मी "हो, नक्की" म्हटलं, फोन ठेवला आणि पत्रक लिहायला बसले.

वर मामांचा हसरा फोटो. त्याखाली, "तळवड्याच्या या टाकीत एकही मादी नाही. कशी?" त्याखाली, "बाजारात नर मासे हार्मोन खाऊ घालून बनवले जातात." त्याखाली, "तुमच्या मुलांच्या ताटात काय आहे?" संपलं. दादा खूश झाले. म्हणाले, प्रश्न विचारणाऱ्याला कोर्टात खेचता येत नाही. पहिलं वाक्य खरं होतं. दुसरंही खरं होतं. खोटं मी त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं होतं, जिथे ते कुणाला दाखवता येत नाही आणि प्रत्येकाला दिसतं.

रविवारी वाटलं. सोमवारी ते पुनावळ्यापासून चिखलीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होतं. कुणीतरी खाली जोडलं, लहान मुलींना मिशा येतात. कुणीतरी जोडलं, पुरुषांना मूल होत नाही. हे आम्ही लिहिलं नव्हतं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. तळवड्याच्या चहाच्या टपरीवर पोरं मामांना हाक मारायची, "मामा, आम्हाला पण द्या की चमचाभर! दाढी येत नाही राव." दोन शेततळेवाल्यांनी सांगून ठेवलेली पिल्लं नेली नाहीत. मग बाकीच्यांनीही नेली नाहीत. अण्णांनी महिनाअखेर शेड मोकळी करायला सांगितली. "आमाला न्हाई काय वाटत, मामा. पर उद्या लोक म्हन्तील शेड कुनाची हाय? घरात लेकीबाळी हायेत."

मला हे सगळं कळत होतं. मी गुरुवारी शेडवर जाणं बंद केलं.

जूनच्या सुरुवातीला मामा आमच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे निगडीत एका बंद पडलेल्या क्लासची खोली. हातात झाकणाचा दुधाचा कॅन, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, शर्ट पोटावर ओला. बसमध्ये कंडक्टरशी भांडण झालं होतं. मासे पार्सल म्हणून धरायचे की प्रवासी, यावर. ते हे सांगताना एरवी हसले असते.

कॅन त्यांनी टेबलावर ठेवला. "वीस-बावीस हायेत. जिती हायेत. कुठं पायजे तिथं पाठव. तपास."

मी म्हटलं, "मामा, तपासणी करणं आमचं काम नाही."

हे मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांकडे न बघता, मोबाइलकडे बघत.

त्यांनी खिशातून पत्रक काढलं. घडीच्या रेषांवर विरलेलं. "माझा चष्मा घरी राहिलाय. मी ऐकलंय लोकांकडून, वाचलं न्हाई. तू लिवलंयस, तूच वाच."

"मामा, कशाला..."

"वाच की. रस्त्यावर वाटलीस, मला एकट्याला वाचायला काय झालं?"

खोलीत निखिलदादा होते, आणखी दोघं होते. मी वाचायला सुरुवात केली. तळवड्याच्या या टाकीत एकही मादी नाही. इथे त्यांनी मान डोलावली, बरोबर आहे असं. कशी? मी तो प्रश्न मोठ्यानं वाचला आणि ते उत्तर द्यायला तोंड उघडू लागले. खरंच. त्यांना वाटलं आता त्यांची पाळी आहे. पण पुढचं वाक्य हार्मोनचं होतं. ते मी निम्मं वाचलं.

"पुढं?"

"एवढंच आहे, मामा."

"मग मी सांगितलेलं कुठाय? पत्र्याचं? नीळ लावून दाखवलं ते? माद्यांच्या टाकीत तू हात घातलीस, ते?"

मी म्हटलं, "जागा नव्हती."

मामांनी पत्रक माझ्या हातातून घेतलं आणि उलटं केलं. त्यांना चष्मा लागलाच नाही.

"मागं कोरं हाय की, पोरी."

कॅन उचलून ते गेले. जिन्यावर पाणी सांडत गेलेलं बराच वेळ वाळलं नाही.

त्यानंतर मी दुरुस्तीचं पत्रक लिहिलं. खरंच लिहिलं, एका दमात. दादांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, हे छापलं तर नदीचं पत्रकही खोटं होतं असं लोक म्हणतील, चळवळ बसेल. नदीचं पत्रक खरं होतं, आणि ते मामांमुळे खरं होतं, हे तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी दादांचं ऐकलं. सप्टेंबरपर्यंत ऐकलं. मला कुणी धमकी दिली नव्हती, पगार कापणार नव्हतं. गटात माझी खुर्ची होती, ती मला हवी होती, बाकी कारण नाही.

परवा मी तळवड्याला गेले. शेडमध्ये आता खोक्यांचं गोडाऊन आहे. मामा-मामी मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार मामींनी उघडलं. मी कोण ते त्यांना चांगलं माहीत आहे, माझ्या ताटात त्यांनी जेवण वाढलेलं आहे.

"कोण पायजे?"

"मामी, मी... मामा आहेत का?"

"झोपलेत."

वर गच्चीवरून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघींनी तो ऐकला. मामींनी दार लावलं, आपटलं नाही.

खाली रस्त्यावर येऊन मी वर बघितलं. गच्चीच्या कठड्याशी तीन निळे ड्रम आणि त्यांच्यावर ओली पोती. ब्लोअर त्यांनी विकलाय, हे मला टपरीवर कळलं. मामा तांब्यानं ड्रममधलं पाणी उचलत होते आणि उंचावरून परत ड्रममध्येच सोडत होते, धारेबरोबर हवा आत जावी म्हणून. एक तांब्या, दुसरा तांब्या. मध्येच थांबून हात झटकायचे, खांद्याला हात लावायचे, परत सुरू. मी पंधरा-वीस मिनिटं उभी होते. त्यांनी एकदा खाली बघितलं. मला ओळखलं की नाही, ते सांगता येणार नाही. ते परत ड्रमकडे वळले, कारण तांब्या थांबवून चालणार नव्हतं.

त्या तीन ड्रममध्ये चाळीसएक मासे आहेत. सहा वर्षं निवडून निवडून ठेवलेले, विणीचे. ते जगले तर मामा पुन्हा पिल्लं काढू शकतात. चिलापीला थंडी सोसत नाही, आणि उघड्या गच्चीवरचं ड्रमचं पाणी डिसेंबरात किती उतरतं ते मामांना कोपर न घालताही माहीत आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. सही नको, निषेध नको, हे पुढे पाठवूही नका. तळवडे, चिखली, मोशी, चाकण, कुठेही तुमची पत्र्याची शेड रिकामी पडली असेल, पाण्याचा नळ आणि लाइटचं एक कनेक्शन असेल, तर तळवड्यात जा, माणिक शेळके कुठे राहतात विचारा आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांना म्हणा, जागा घ्या. माझं नाव सांगू नका. आणि थंडी पडायच्या आत जा.